जपानहून येणारा पार्ट

प्रिय अहो,

'प्रिय' आधी लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं. कागदावरची खाडाखोड बघून तुम्ही म्हणाला असतात, एक पत्र धड लिहिता येत नाही हिला. तुम्हाला तरी कुठे येत होतं? लग्न ठरल्यावर तुम्ही मला माहेरी, कोपरीला पाठवलेलं एकुलतं एक पत्र तुमच्या बहिणीच्या अक्षरात होतं. मी तेव्हाच ओळखलेलं, बोलले नाही इतकंच.

आता एवढ्या वर्षांनी उत्तर का देतेय? काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, मंडपवाल्याची भांडी गेली, आणि काल जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. चारचौघांत तुमची पुरती शोभा व्हायची होती. ती मी टाळली. आपल्या प्राचीला फोनवर सांगायला गेले तर म्हणते, "आई, बाबांना नावं ठेवल्याशिवाय तुझं एक वाक्य पुरं होत नाही." होत नाही, खरंय. सत्तावीस वर्षांची सवय एका वर्षात जाते होय?

तर विषय तुमच्या त्या गाडीचा. गाडी म्हणायचं म्हणून गाडी. चार जाडे टायर, मोटरसायकलचं हँडल, ट्रॅक्टरची मस्ती, आणि एक माणूस ऐसपैस किंवा दोन अवघडून बसतील एवढी सीट. टिटवाळ्याकडचं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं, तिथून तुम्ही ती टेम्पोत घालून मिरवत आणलीत. क्वाड बाईक. ऑफरोड. आपल्याकडे धड रोड नाही, मग वेगळी ऑफरोड कशाला, असं मी विचारलेलं. तुम्ही म्हणालात, "तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तुमच्या फोटोखाली 'रमाकांत शेठ' ऐवजी तेच घालायला हवं होतं.

मला नाही कळायचं? अहो, लग्नाआधी चार आणि लग्नानंतर वीस वर्षं मी ठाण्याच्या कंपनीत वाइंडिंगला होते. केसासारखी तांब्याची तार, शेकडो वेढे, एक वेढा चुकला की कॉइल बाद. पंख्याची मोटर, मिक्सरची, पाण्याच्या पंपाची. शेठची बायको डबा घेऊन कंपनीत जाते म्हणून तुमच्या गावात कुजबुज व्हायची, मला 'कंपनीवाली' म्हणायचे. म्हणू देत. आणि तुम्ही शेठ कशाने झालात? बापजाद्यांच्या भाताच्या खाचरांवर बिल्डरने बिल्डिंग उभी केली, त्याने. घरातला फ्यूज उडाला तर वायरमनची वाट बघत अंगणात खुर्ची टाकून बसायचात. मी कामावरून आले की चपलासुद्धा न काढता आधी स्टुलावर चढायचे.

ती गाडी तुम्ही धड चालवलीत किती? पहिल्या दिवशी गॉगल लावून खाडीच्या बांधापर्यंत गेलात आणि चिखलात रुतलात. चार माणसांनी ओढून काढलं. घरी येऊन सांगितलंत की गाडीची टेस्ट घेत होतो. मग दीड वर्ष गल्लीतल्या गल्लीत गुरगुर. दुसऱ्या दसऱ्यानंतर एक दिवस ती जी बंद पडली, ती पडलीच.

दसऱ्याला तुमचा थाट काय वर्णावा! गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि नारळ? लोक नारळ खाली जमिनीवर फोडतात, पाणी गाडीवर शिंपडतात. तुम्ही? शेठचा नारळ पुढच्या लोखंडी गार्डवरच फुटणार. आपटलात की पाणी धो धो खाली. गाडी मजबूत आहे, म्हणायचात. बंद पडल्यावरही दर दसऱ्याला सहा जण ती ढकलत बाहेर आणायचे आणि तुम्ही त्या मढ्याच्या कपाळावर नारळ फोडायचात. मला हसू आवरायचं नाही. मी पदर तोंडाला लावला की बायकांना वाटायचं, भक्ती उफाळून आली.

मग सुरू झाली तुमची रविवारची मंडळी. डोंबिवलीत स्कूटरचं गॅरेज असलेला तुमचा दोस्त नरेश, आणि आणखी तीन-चार रिकामटेकडे. पार्किंगमध्ये प्लास्टिकची स्टुलं, वडापाव, इंजिनभोवती वाकून गंभीर चेहरे. गाडी पुन्हा नव्यासारखी करायची म्हणे. एक स्क्रू खोलायचा, तासभर चर्चा करायची, स्क्रू हरवायचा, पुढच्या रविवारी तो शोधायचा. गाडी कधी सुरू होणार, असं कोणी विचारलं की तुम्ही मान वर करून सांगायचात, "कॉइल गेलीय. पार्ट जपानहून येतोय."

आठ वर्षं, अहो! आठ वर्षं पार्ट जपानहून येत होता. तिकडून एखादा माणूस पार्ट डोक्यावर बांधून पोहत निघाला असता तरी एव्हाना आपल्या खाडीला लागला असता. शेजारपाजारचे हसायचे. रिक्षावाले हसायचे. गावात कोणाचं लग्न लांबलं तरी म्हणायचे, नवरी जपानहून येतेय. तुम्हाला ते कळत नव्हतं का? की कळून न कळल्यासारखं करत होतात?

आणि गेलात कसे? टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेत प्रमुख पाहुणे म्हणून, अंगावर शाल असताना, खुर्चीतल्या खुर्चीत. मी घरी बोंबील साफ करत होते. तासाभरात येतो म्हणालेलात. निदान दिलेली वेळ तरी पाळायची. मला अजून त्याचाच राग येतो.

आता खरी गोष्ट ऐका. तुमचे धाकटे बंधू, गुरुनाथ भावोजी. फ्लेक्स लावायला निमित्त मिळालं नाही तर ज्यांना ताप येतो, ते. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि त्यांनी बेत जाहीर केला. वर्षश्राद्धाच्या दिवशी बिल्डिंगच्या गेटसमोर तुमचं स्मारक. सिमेंटचा चौथरा, त्यावर तुमची गाडी सोनेरी रंगात, चारही चाकं सिमेंटमध्ये पक्की, आणि मागे वीस फुटी फ्लेक्सवर गॉगलवाले तुम्ही. खाली मजकूर, 'खडतर वाटांचा राजा'. कोण राजा? इथल्या इथे दिवा गावात पाहुण्यांकडे जायचं तर दारात रिक्षा बोलावणारे तुम्ही?

आपल्या हॉलमध्ये बैठक बसलेली. भावोजी, नरेश, गावातली दोन मोठी माणसं. मी चहा घेऊन आले तेव्हा सोनेरी रंग चकचकीत की मॅट यावर वाद चाललेला. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, त्या गाडीला कोणी हात लावायचा नाही, ती चालणारी गाडी आहे, तिला सिमेंटात गाडायची नाही.

सगळे हसले. भावोजी सगळ्यात जोरात. म्हणाले, "वैनी, दादाला आठ वरसांत जमला नाय, तुमाला काय जमनार?"

मी म्हटलं, जमेल. मग त्यांनी सगळ्यांदेखत अट घातली. वर्षश्राद्धाच्या दिवशी गाडी आपली आपण, कोणी न ढकलता, चौथऱ्यापर्यंत आली तर ती माझी. नाहीतर शिमिट. मी बरं म्हणाले आणि रिकामा ट्रे उचलून आत गेले.

का बोलले मी? त्या डबड्यावर माझा कधी जीव नव्हता. पण त्या चौथऱ्याचं चित्र डोळ्यापुढे आलं. रोज येणारा-जाणारा तिकडे बघणार, सोनेरी रंगाकडे, गॉगलकडे, आणि म्हणणार, हाच तो जपानवाला. कायमचा. अहो, तुम्हाला हसायचा हक्क माझा आहे. मी तो सत्तावीस वर्षं कष्टाने मिळवलाय. तो मी असा रस्त्यावर वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीची जुनी ट्रॅकपँट चढवून खाली गेले. काय दशा होती! एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी लग्नपत्रिका कुरतडून घर केलेलं. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं चिकट झालेलं. कार्ब्युरेटर खोलला आणि एक एक भोक टूथब्रशने घासलं. तुमचाच टूथब्रश. तुम्हाला आता कशाला लागतोय? तुमच्या मंडळींनी हरवलेले अकरा स्क्रू मला सीटखालच्या एका वडापावच्या पिशवीत मिळाले.

मग वायरिंग धरत धरत पुढे गेले. पुढच्या गार्डच्या बरोबर खाली चार्जिंगचा रेग्युलेटर बसवलेला असतो, मुठीएवढा डबा. त्याचा प्लग उपटला तर आत हिरवंगार, वर पांढरी खारट पापडी, आणि त्या पापडीत अडकलेली नारळाची शेंडी.

कळलं ना? तुमच्या दसऱ्याच्या नारळाचं पाणी सरळ त्या प्लगमध्ये जात होतं. प्लग कुजला, रेग्युलेटर शॉर्ट झाला, आणि त्याने इंजिनातली कॉइल जाळली. गाडीला कोणाची दृष्ट लागली नव्हती. तुम्ही स्वतःच्या हाताने, मंत्र म्हणून, साग्रसंगीत पूजा करून तिला मारलीत. मी पार्किंगमध्ये एकटी इतकी हसले की वॉचमन बघायला आला. मग हसता हसता आठवलं, आरतीचं ताट घेऊन शेजारी कोण उभी असायची? तो नारळ तुमच्या हातात कोण द्यायची? चोवीस वर्षं तारांमध्ये घालवलेली बाई मी, एकदाही म्हणाले नाही की अहो, पाणी आत जातंय.

रेग्युलेटर आणि नवी बॅटरी उल्हासनगरला मिळाली. राहिली कॉइल. इंजिनाचं बाजूचं झाकण काढलं तर आत कॉइलची जागा रिकामी! नरेशला फोन लावला, चांगला झापला, कुठे विकून खाल्लीस म्हणून. तो बिचारा अडखळला. म्हणाला, "वहिनी, ती शेठनी गाडी बंद पडली त्याच वर्षी घरी नेली. म्हणाला, घरी करून घेतो. नंतर विचारलं की सांगायचा, जपानहून नवीन येतेय. मी पण मग विचारायचं सोडलं."

घरी करून घेतो? घरी कोण करणार होतं?

माळ्यावर चढले. तुमच्या जुन्या ट्रॉफ्यांमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॉइल. कागदावर तेलाचा डाग आणि हळदीची चार बोटं. ती बोटं बघितली आणि मला ती संध्याकाळ आठवली, जी मी साफ विसरले होते.

त्या दिवशी मी डबल ड्यूटी करून आलेले. पाय सुजलेले, फोडणी टाकत होते. तुम्ही ओट्याजवळ आलात. स्वयंपाकघरात तुम्ही कधी यायचात? ही पुडी भाजीच्या ताटलीशेजारी ठेवलीत आणि हळूच म्हणालात, "बघ ना जरा, तुला जमेल का." आणि मी काय म्हणाले? हळदीच्या हाताने पुडी तुमच्याकडे ढकलली आणि म्हणाले, "दिवसभर कॉइल, घरी आल्यावर पण कॉइल? मी बायको आहे की कामगार? उचला ते इथून."

तुम्ही उचललीत. 'तुला नाही कळायचं' हेसुद्धा म्हणाला नाहीत.

अहो, अख्ख्या संसारात तुम्ही तेवढे एकदाच मला काही कळतं असं धरून माझ्याकडे आला होतात. आणि मी तुम्हाला हाकलून दिलं. पण मग दुसऱ्यांदा विचारायला काय झालेलं? चार दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, मी चहा पीत असताना? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? आठ वर्षं गावभर हसं करून घेतलंत, पण बायको नाही म्हणाली असं कोणाला सांगितलं नाहीत. ते सांगायची लाज वाटली म्हणून? की मला कोणी बोलू नये म्हणून? यातलं खरं कोणतं, ते आता मला कोण सांगणार? मूर्ख माणूस. मी माळ्यावरच बसून रडले, धुळीत, ट्रॉफ्यांच्या मधे.

मग खाली उतरून कामाला लागले. जळालेली तार सोडवायची ती वेढे मोजत, म्हणजे नवीन तेवढेच घालता येतात. कंपनीत मोजायला काउंटर असायचा, इथे मी दर पन्नास वेढ्यांना वाटीत एक वाल टाकला. कंपनीतली माझी मैत्रीण विजया अजून कोपरीला वाइंडिंगच्या दुकानात बसते, तिने तार आणि व्हार्निश दिलं. डोळे पूर्वीचे राहिले नाहीत. दोनदा तार तुटली, एकदा मधेच कुरियरवाल्याने बेल वाजवली आणि मोजणी चुकली, सगळं परत उसवलं. व्हार्निश सुकवायला कॉइल नानकटाईच्या ओव्हनमध्ये ठेवली. घरभर असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, काय करपलं. बोटं मात्र काही विसरली नव्हती. शेवटचा वेढा बसला तेव्हा सोडवलेल्या आणि घातलेल्या दोन्ही वाट्यांतले वाल सारखे भरले.

श्राद्धाच्या नऊ दिवस आधी, दुपारी, मी बटण दाबलं. पहिल्यांदा नुसती खोकली. चौथ्यांदा सुरू झाली. पार्किंगभर निळा धूर. सोसायटीचे सेक्रेटरी धावत खाली आले, आग लागली म्हणून. मी तुमच्या त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून नुसती तिच्याकडे बघत राहिले.

काल सकाळी विधी झाले. गेटसमोर सगळं गाव जमलेलं. चौथरा तयार, सिमेंट कालवलेलं, फ्लेक्सवर तुम्ही दात दाखवत. भावोजींनी गाडी ढकलायला सहा जण उभे केलेले, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास! मी मागच्या बाजूने आले, पांढरा पंजाबी ड्रेस घालून, स्वतः चालवत. कोणी ढकलत नव्हतं. बायका बाजूला झाल्या. चौथऱ्यापर्यंत आले, त्याला एक पूर्ण फेरी मारली आणि इंजिन चालूच ठेवून थांबले.

भावोजी पुढे आले. मग गाडीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "वैनी, पार्ट कुठशी आणला?"

अहो, हाच तो क्षण. सगळे कान टवकारून. नरेश आपल्या चपलांकडे बघत होता, कॉइल घरी गेल्याचं त्याला ठाऊक. कित्येक वर्षांची इच्छा होती माझी, एकदा या गावासमोर ठणकावून सांगायचं, की पार्ट कुठूनही येणार नव्हता, तुमच्या शेठच्या सगळ्या थापा होत्या, कॉइल या कंपनीवालीने गुंडाळलीय, माझ्या दोन हातांनी. शब्द अगदी ओठांवर होते. समोर फ्लेक्सवर तुम्ही, गॉगल लावून, काही कळत नसल्यासारखे.

मी म्हणाले, "जपानहून आला. ह्यांनीच मागवलेला."

कोणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, रमाकांत बोलत होता ते खरंच होतं मग. भावोजींनी डोळे पुसले आणि सिमेंटवाल्याला हात केला, राहू दे म्हणून. सत्तावीस वर्षांत मी तुमच्या बाजूने बोललेलं हे पहिलं खोटं. माझं निम्मं श्रेय त्यात गेलं, ते लक्षात ठेवा.

नंतर मी तशीच पुढे खाडीच्या बांधावर गेले. तुम्ही रुतला होतात त्याच जागी गाडी घातली. अलगद पलीकडे निघाली. चार माणसं लागली नाहीत. वाटलं, मागे वळून तुम्हाला म्हणावं, बघितलंत? मागची सीट रिकामी होती.

आता एवढंच सांगते. येत्या दसऱ्याला गाडीची पूजा मी करीन. हार तुमच्या आवडीचा, झेंडूचाच. नारळ जमिनीवर फोडीन, गाडीपासून चांगला दहा पावलं लांब. नावं तुम्हाला रोज ठेवीन, पण घरात, दार लावून. बाहेर कोणी विचारलं तर मरेपर्यंत हेच सांगीन, पार्ट जपानहून आला, थोडा उशीर झाला.

तुमची,
कंपनीवाली